आपले टिपण पोचले

माझ्या नवऱ्याला माणसांची नावं सांगायची सवय नव्हती. हे चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. भोसरीहून कंपनीच्या बसने जायचे, बसनेच यायचे आणि घरी चहा पिता पिता मला बसमधल्या बातम्या सांगायचे. त्या अशा असत: "आज कढीपत्ता रजेवर होता. मोगऱ्याला चष्मा लागला. अबोलीनं नवी गाडी घेतली, पण चालवायची भीती वाटते म्हणून अजून बसनंच येतो." ज्याला ह्यांनी जे रोप दिलं असेल, तेच त्याचं नाव. मी इतकी वर्षं या माणसांची लग्नं, बदल्या, पोटदुखी आणि सासुरवाडीची भांडणं ऐकली, पण त्यांच्यापैकी एकाचंही खरं नाव मला ठाऊक नव्हतं.

रोपं आमच्या इमारतीच्या गच्चीवर तयार होत. कंपनीतून टाकून दिलेले कूलंटचे निळे कॅन हे घरी आणत, मधोमध कापत आणि त्यात फांद्या खोचत. फांदीला पालवी फुटली की दुसऱ्या दिवशी सकाळी ती मांडीवर घेऊन बसमध्ये चढत. झाडाशी ते माझ्यापेक्षा जास्त बोलत. मी पुस्तक वाचत असे, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती.

या सगळ्यात एक गुलाब होता. बाजारातला नव्हे, गावठी. फूल लहान, रंग फिका, पाकळ्या संध्याकाळपर्यंत गळून जायच्या. पण सकाळी गच्चीचं दार उघडलं की वास जिन्यात उतरायचा. ह्यांच्या आईनं बीडकडच्या त्यांच्या घराच्या दारात लावलेलं ते झाड. घर विकलं तेव्हा ह्यांनी त्याची एक फांदी कापून बटाट्यात खोचली आणि तो बटाटा मांडीवर धरून एसटीने भोसरीपर्यंत आणला. बटाट्यात फांदी ओली राहते. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, "हे कशाचं औषध?" तर म्हणाले, "घराचं."

ह्यांच्या शेवटच्या आजारपणात आमचं घर दवाखान्यातच हललं. त्याच दिवसांत सोसायटीनं गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढलं. कॅन कुणीतरी एका कोपऱ्यात रचून ठेवले. सगळं आटोपल्यावर मी गच्चीवर गेले, तेव्हा तिथे निळे कॅन होते आणि त्यात काटक्या होत्या. गुलाबाच्या कॅनमधली माती दगडासारखी झाली होती.

मग मला आठवलं की हा गुलाब ह्यांनी एकालाच दिला होता. ह्यांच्या बोलण्यात तो नेहमी यायचा. गुलाब मोशीला चढतो. गुलाब खिडकीच्या जागेवरून भांडतो. गुलाबाच्या घरी आपल्यापेक्षा जास्त फुलं येतात, आणि तो मुद्दाम शर्टाच्या खिशात घालून येतो, मला जळवायला. म्हणजे ते झाड कुठेतरी जिवंत असू शकत होतं. मला त्याची एक फांदी हवी होती. दुसरं काहीच नको होतं.

माझी मुलगी हिंजवडीला आयटीत आहे. ती म्हणाली, "बसमधल्या कुणालाही फोन कर ना, आई."

पण नंबर ह्यांच्या फोनमध्ये आणि फोनचा पासवर्ड ह्यांच्याबरोबर गेलेला. दहाव्याला बसमधले बरेचजण येऊन गेले होते, पण त्या दिवशी मी चेहरे पाहिले नव्हते. राहता राहिला बसथांबा. पण भर सकाळी थांब्यावर उभं राहून, डबे घेतलेल्या पुरुषांना "तुमच्यातला गुलाब कोण?" असं विचारण्याचं धाडस माझ्यात नव्हतं. अजूनही नाही.

तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "घरात बसून राहू नकोस. कसला तरी क्लास लाव." तिच्या मनात योगासनं असावीत. मला मात्र भोसरीत बेअरिंगच्या एका दुकानावर पाटी दिसली: 'वेबसाइट बनवायला शिका. अगदी पहिल्यापासून.' मला 'अगदी पहिल्यापासून' हे शब्द फार आवडले. मी जिना चढले.

वर्गात डिप्लोमा झालेली मुलंमुली आणि मी. सर माझ्या मुलीपेक्षा लहान. पहिल्या दिवशी ते मला मॅडम म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून काकू.

"काकू, वेबसाइटला दोन बाजू असतात," सर म्हणाले. "फ्रंटएंड आणि बॅकएंड. हे आपल्या खालचं दुकान बघा. पुढं काउंटर, त्याला काच, त्यावर देवाचा फोटो. गिऱ्हाईक तेवढंच बघतं. बेअरिंगची खोकी मागच्या गोडाउनात. गिऱ्हाईकानं काउंटरवर मागितलं की माणूस मागं जातो, खोकं काढतो, पुढं आणून देतो. काउंटर म्हणजे फ्रंटएंड. गोडाऊन म्हणजे बॅकएंड. कळलं?"

"कळलं," मी म्हणाले, "आमच्या ग्रंथालयात असंच होतं."

मी निवृत्त होईपर्यंत एका शाळेचं ग्रंथालय सांभाळलं. तिथे मुलांना कपाटांपर्यंत सोडायचं नाही, असा नियम होता. मुलं खिडकीतून चिठ्ठी देत, मी आत जाऊन पुस्तक काढून आणत असे. खिडकी फ्रंटएंड, कपाटांची खोली बॅकएंड, चिठ्ठी म्हणजे मागणी आणि ये-जा करणारी मी. इतकं सरळ. सरांना माझं उदाहरण इतकं आवडलं की पुढच्या बॅचला ते बेअरिंगऐवजी ग्रंथालय सांगू लागले. मीही जरा फुगले. मला सगळं समजलं आहे असा माझा समज झाला, आणि पुढचा घोळ तिथूनच सुरू झाला.

मी एक पान करायला घेतलं. वर ह्यांचा फोटो, मांडीवर कॅन. खाली दोन ओळी: 'यांनी आपल्याला एखादं रोप दिलं असेल तर कृपया कळवा.' त्याखाली चार चौकोन: नाव, पत्ता, कुठलं झाड, ते सध्या कसं आहे. मग एक बटण, 'पाठवा'. बटणाचा रंग ठरवायला मला आठवडा लागला. सर म्हणाले, "काकू, निळं ठेवा ना, सगळे निळंच ठेवतात." मी वीटकरी ठेवलं.

आणि बटण दाबल्यावर काय दिसावं? सरांच्या पानावर नुसतं 'सबमिटेड' येत असे. मला ते फार तुसडं वाटलं. माणूस आपल्याला गेलेल्याच्या झाडाची खुशाली कळवतो आणि आपण त्याच्या तोंडावर 'सबमिटेड' म्हणायचं? मी बराच विचार करून लिहिलं: 'आपले टिपण पोचले. मनापासून आभार. येत्या रविवारी सकाळी आपल्या घरी येऊन झाड पाहीन.' एक-दोघांपेक्षा जास्त कोण कळवणार, असा माझा हिशेब.

पान लॅपटॉपवर दिसू लागलं, तसा मी त्याचा पत्ता आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. भराभर उत्तरं आली. नणंदेनं लिहिलं, 'अप्रतिम! डोळ्यांत पाणी आलं.' चुलतदिरांनी लिहिलं, 'रंगसंगती उत्तम.' एका मावशींनी तर हात जोडून लिहिलं की त्यांनी पान दोनदा वाचलं.

संध्याकाळी मुलीचा फोन.

"आई, तू लोकलहोस्टचा पत्ता पाठवलायस."

"मग?"

"ते फक्त तुझ्या लॅपटॉपवर दिसतं. जगात दुसऱ्या कुणालाही दिसत नाही. दिसूच शकत नाही."

"असं कसं? आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं."

ती फोनवर इतका वेळ हसली की मला फोन टेबलावर ठेवावा लागला. हे गेल्यानंतर तिला हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होते, म्हणून मी तिला थांबवलं नाही. शेवटी म्हणाली, "आई, तू घरात दुकान मांडलंयस, दार आतून बंद करून. आता ते रस्त्यावर आण."

रस्त्यावर आणायचं कसं ते सरांना विचारायचं होतं. पण सर त्याच आठवड्यात स्वतःच्या लग्नाला गावी गेले. मी पुस्तकात वाचून, फुकट जागा देणाऱ्या एका ठिकाणी माझं पान नेऊन ठेवलं. मुलीच्या फोनवर दिसलं. नणंदेच्या फोनवर दिसलं. तिनं लिहिलं, 'आत्ता अजूनच छान वाटतंय.' मी माझ्या लॅपटॉपवरून बटण दाबून पाहिलं. आभाराचं वाक्य आलं. मागच्या यादीत नोंद आली: नाव अबक, पत्ता भोसरी, झाड गुलाब, प्रकृती उत्तम. मी पुन्हा दाबलं. पुन्हा आली. प्रकृती अति उत्तम. सगळं चालत होतं.

मग पानाचा पत्ता मोठ्या अक्षरांत कागदावर छापला आणि थांब्याजवळच्या चहावाल्याच्या टपरीला चिकटवून आले. चहावाला म्हणाला, "मावशी, भाड्याची खोली हाय का?" मी म्हटलं, नाही, झाडं आहेत. तो म्हणाला, "मग लावा बिनधास्त."

आठवडाभर मी यादी उघडून बघत होते. अबकच्या नोंदींशिवाय तिथे काहीही नव्हतं. ह्यांचं झाड कुणाकडे उरलं नाही, किंवा हे कुणाच्या आठवणीत उरले नाहीत, दोन्हींपैकी काहीतरी एक. रविवारी सकाळी मी साधा वरणभात लावला आणि पुस्तक उघडलं. वाचलं काहीच नाही.

सोमवारी दुपारी बेल वाजली. दारात एक उंच, आडवे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. कंपनीचा शर्ट. चेहरा असा की मी दाराची साखळी काढू का नको, या विचारात पडले.

"वहिनी, वळखलं न्हाई का?"

"नाही हो."

"ऱ्हाऊ द्या. आमाला कोन वळखतंय." मी साखळी काढली, तसे आत येऊन ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. रुसलेला माणूस बसतो तसे. "मी चऱ्होलीचा. तुमच्या मालकांसंगं एकाच मशीनवर काम केलंय. काल दिसभर वाट बघितली तुमची. मंडळीनं पडदे धुतले. पोहे केले. दहाला केले, बाराला गरम केले, दोनला आमीच खाल्ले. गळ्याखाली उतरत न्हवते."

"माझी वाट? कशासाठी?"

त्यांनी फोन काढून माझ्यासमोर धरला. काचेला तडा गेलेला, त्याखाली माझं वीटकरी बटण आणि माझंच वाक्य. 'येत्या रविवारी सकाळी आपल्या घरी येऊन झाड पाहीन.' त्यांनी त्याचा फोटो काढून ठेवला होता.

"हे कुनी लिवलं?"

"मी."

"मंग?"

"पण मला तुमचं टिपण मिळालंच नाही," मी म्हणाले.

"पोचलं म्हनतंय की हितं."

"ते... ते आपोआप म्हणतं."

"आपोआप?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की वर्गातला माझा सगळा फुगा तिथेच बसला. "आन् मी एकटा न्हाई. बसमधल्या समद्यांनी लिवलंय. स्टोरवाल्यानं शिरा केलता. क्वालिटीतल्या मॅडमनी माहेरी जायचं रद्द केलं. डायवरसुदिक दाढी करून बसलाता. आज बसमध्ये तुमचाच विषय."

म्हणजे मी नुसती चूक केली नव्हती. एका अख्ख्या बसचा मी पाहुणचार मोडला होता, आणि त्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नव्हतं. माफी मागायची तर कुणाची? कढीपत्त्याची?

तेव्हा मला विचारावंसं वाटलं. "तुमच्याकडे कुठलं झाड आहे?"

"गुलाब. गावठी."

"तुम्ही मोशीला चढता?"

"व्हय."

"खिडकीसाठी भांडता?"

"कोन म्हनलं?"

"तुम्ही गुलाब!" मी जवळजवळ ओरडलेच. ते गृहस्थ दचकून उठून उभे राहिले. मला त्यांना सगळं समजावून सांगावं लागलं: बसमधल्या बातम्या, नावं, त्यांच्या मुलीचं लग्न आणि जावयाशी झालेला वाद, जो मला तपशिलासह माहीत होता. ते ऐकत राहिले. मिशीखाली काहीतरी हललं. मग म्हणाले, "मला वर्सानुवर्सं गुलाब म्हनत होता काय त्यो?" आणि खिशातून रुमाल काढून त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.

मी लगेच म्हणाले, "मला त्याची एक फांदी हवी आहे. आमचं झाड गेलं."

"देतो की. पर अशी दारात उभ्यानं न्हाई द्यायचो. तुमी येते म्हनला व्हता. आदी घरी या, पोहे खा, मंग फांदी." जाताना दारात वळून म्हणाले, "आन् त्ये तुमचं पान नीट करा, राव. खोटं बोलायला लागलंय."

मी तशीच क्लासला गेले. सर लग्नाहून परत आले होते, हातावर मेंदी होती. त्यांनी माझ्या कोडमधली एक ओळ वाचली आणि कपाळाला हात लावला. मेंदीचाच.

"काकू, तुम्ही काउंटर रस्त्यावर नेलंत. गोडाऊन घरीच राहिलं. पान बाहेर गेलं, पण टिपण कुठं न्यायचं याचा पत्ता अजून लोकलहोस्टच आहे."

"पण माझ्याकडे तर नोंद होत होती."

"तुमच्याकडे होणारच. तुमच्या लॅपटॉपवर लोकलहोस्ट म्हणजे तुमचा लॅपटॉप. पण त्यांच्या फोनवर लोकलहोस्ट म्हणजे त्यांचाच फोन. त्यांनी लिहिलेलं त्यांच्याच फोनचं दार वाजवायचं आणि आत कुणी नाही म्हणून विरून जायचं." सरांनी पुढची ओळ वाचली. "आणि हे आभार. मागून उत्तर यायची वाट न बघताच तुम्ही म्हणून टाकताय, पोचलं."

माझ्या ग्रंथालयात मी चिठ्ठी घेतल्याशिवाय कधी मान डोलावली नव्हती. इथे मात्र मी रिकाम्या खोलीसमोर खिडकी उघडून, येणाऱ्या प्रत्येकाला हसून परत पाठवत होते.

तीन दिवस लागले. यादी ठेवणारी मागची बाजू सरांनी सांगितली तशी मी एका फुकट सर्व्हरवर नेली, पत्ता बदलला, आणि आभाराचं वाक्य तिथून होकार आल्यावरच दिसेल असं केलं. फुकट सर्व्हरचं एकच होतं. बराच वेळ कुणी आलं नाही की तो झोपतो आणि पहिल्या माणसाला त्याच्या उठण्याची वाट बघावी लागते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाक्यातून रविवारही काढला. त्याजागी लिहिलं, 'आपल्या सोयीने बोलवा, येईन.' वर माफी लिहिली.

रविवारी चऱ्होलीला गेले. रिक्षावाल्याला नव्या इमारतींमधून जुनी आळी सापडेना. तिथे दर महिन्याला नवी कमान उभी राहते आणि जुन्या खुणा मागे जातात. घर सापडलं तेव्हा गुलाब, म्हणजे ते गृहस्थ, रस्त्यावरच उभे होते. दारात निळा कॅन. कापलेली कड थोडी तिरकी, जशी ह्यांची नेहमी व्हायची, कारण करवत नीट धरत नसत. त्यात हातभर वाढलेलं झाड आणि त्याला चार-पाच फुलं. मी वाकले नाही. वास उभ्यानंच येत होता.

त्यांच्या मंडळींनी पोह्यांची बशी माझ्या हातात दिली. "खावा. मागल्या रविवारचे न्हाईत." मी निमूट खाल्ले. आणखी वाढले, तेही खाल्ले.

"आता लिवतो परत," ते म्हणाले आणि फोन काढला. नाव, पत्ता लिहिला. झाड लिहिलं. 'सध्या कसं आहे' या चौकोनापाशी थांबले. "काय लिवू?"

"जे आहे ते."

त्यांनी एका बोटानं लिहिलं, 'बर हाय', आणि बटण दाबलं. पडद्यावर एक गोल फिरू लागला.

"फिरतंय," ते म्हणाले.

"मागचा झोपला असेल. उठायला वेळ लागतो त्याला."

"ह्यो पन झोपतो व्हय? आमच्या मेंटेनन्ससारखाच." त्यांच्या मंडळी पदर सावरत जवळ आल्या. आम्ही तिघंही कॅनशेजारी उभं राहून त्या तडा गेलेल्या काचेकडे बघत राहिलो. गोल फिरत होता. समोरच्या इमारतीत फरशी कापायचं मशीन सुरू झालं, बंद पडलं. मध्येच एक पाकळी कॅनच्या कडेवर पडली. मला घाई नव्हती. इतके दिवस खोटं 'पोचलं' बघितल्यावर, खरं यायला कितीही वेळ लागला तरी चाललं असतं.

मग गोल थांबला.

'आपले टिपण पोचले.'

"आता खरं म्हनतंय ना?" त्यांनी विचारलं.

मी माझ्या फोनवर यादी उघडली. अबकच्या नोंदी मी आदल्याच दिवशी पुसून टाकल्या होत्या. यादीत एकच ओळ होती. मी ती त्यांना दाखवली. "खरं."

ते कात्री आणायला आत गेले. त्यांच्या मंडळी मागोमाग गेल्या आणि एक बटाटा घेऊन बाहेर आल्या.

"पोह्यात घालनार व्हते," त्या म्हणाल्या, "ह्येंनी वाचवला. म्हनले, वहिनी रिक्षानं जानार, फांदी ओली ऱ्हायला पायजे."